पिल्लू सापडलं म्हणजे ते अनाथ असतंच असं नाही: वन्यप्राण्यांसाठी व्हॉलंटियर व्हायचंय त्यांच्यासाठी

"ताई, खारीचं पिल्लू सापडलंय, दूध पाजलं तर चालेल ना?" मार्च लागला की असे मेसेज सुरू होतात आणि माझं उत्तर ठरलेलं असतं, काहीही पाजू नका, आधी ते गार पडलंय का बघा आणि मग त्याची आई आसपास आहे का ते बघा. गेली सहा वर्षं मी पुण्यात सुट्टीच्या दिवशी वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्रात काम करायला जाते. दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच की मलापण यायचंय, काय काय करावं लागतं, प्राण्यांना हात लावता येतो का. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितेय. थोडं लांबलंय, पण ज्यांना खरंच यायचंय त्यांनी पूर्ण वाचा, कारण यातली पहिली अर्धी गोष्ट केंद्रात पाऊल टाकायच्या आधीच कामाला येते.

आधी बघा, आई खरंच गेलीय का

आमच्याकडे येणाऱ्या पिल्लांमधली कितीतरी पिल्लं अनाथ नसतातच, कुणीतरी चांगल्या मनानं ती उचलून आणलेली असतात. उन्हाळ्यात बुलबुल, साळुंकी यांची पिल्लं घरट्यातून बाहेर पडतात तेव्हा त्यांना नीट उडता येत नसतं, दोनतीन दिवस ती झुडपात, गाड्यांखाली, गॅलरीत अशी तुरुतुरु फिरतात आणि आईबाप वरून लक्ष ठेवून चारा भरवत असतात. अंगावर पिसं आलीयत, डोळे टक्क उघडे आहेत, पायावर उभं राहतंय, असं पिल्लू दिसलं तर मांजर-कुत्रं तेवढं लांब ठेवा, जवळच्या फांदीवर ठेवा आणि आपण मागं व्हा. मागं म्हणजे खरंच मागं, खिडकीतून बघा, कारण तुम्ही तिथं उभे असाल तोवर आई खाली येणारच नाही. अंगावर पिसं नसलेलं पिल्लू असेल तर ते घरट्यातून पडलंय, घरटं दिसत असेल तर परत ठेवा, नसेल तर एखादी छोटी टोपली, खाली सुकं गवत, आणि त्याच झाडाला उंचावर बांधा. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते हे लहानपणापासून ऐकलंय ना आपण सगळ्यांनी? पक्ष्यांच्या बाबतीत ते खरं नाही, बिनधास्त उचलून ठेवा.

ससा आणि हरणाचं तर अजून वेगळं. सशाची आई दिवसातून एकदोनदाच पाजायला येते, बाकी वेळ मुद्दाम लांब राहते म्हणजे शिकाऱ्याला पिल्लाचा पत्ता लागत नाही. चिंकारा, काळवीट, चितळ यांची पाडसंसुद्धा गवतात मान खाली घालून गप्प पडून असतात, कुणीतरी बघतं आणि म्हणतं अरे एकटं आहे, उचला. आणि हरणं, ससे यांना पकडल्याचा ताण इतका बसतो की वरून काही लागलेलं नसताना ती दगावतात, एक-दोन दिवसांनीसुद्धा. त्यामुळे जखम दिसत नाही, आईचं प्रेत जवळ नाही, पिल्लू किंचाळत नाही, मुंग्या लागलेल्या नाहीत, तर हात लावायचा नाही.

पाकोळी (स्विफ्ट, सतत हवेत उडत राहणारा छोटा पक्षी) हा एक अपवाद. ती जमिनीवर सापडली तर बहुतेक वेळा अडकलेलीच असते, पाय एवढे आखूड की तिला सपाट जमिनीवरून उडता येत नाही. जखम नसेल तर तळहातावर घेऊन मोकळ्या जागी हात उंच करा, स्वतःहून जाते. फेकायचं नाही.

उसाच्या फडातली पिल्लं

हे जरा सविस्तर सांगते कारण आपल्याकडे, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात हे दर हंगामात होतं. ऊस वर्षभर उभा असतो, आत सावली, पाणी, रानडुकरं, कुत्री, म्हणजे बिबट्याच्या मादीला पिल्लं घालायला याहून चांगली जागा कुठली? आणि मग थंडीत ऊसतोड सुरू होते, टोळी फडात उतरते, कोयता चालवता चालवता बुडख्यात दोन-तीन पिल्लं दिसतात, आई आवाजानं बाजूच्या फडात सरकलेली असते. लोक घाबरतात, मग गर्दी होते, कुणी पोत्यात घालतं, कुणी मांडीवर घेऊन फोटो काढतं.

या क्षणी करायचं एवढंच: तिथलं काम थांबवायचं, माणसं लांब न्यायची, वनविभागाला फोन करायचा आणि पिल्लं नेमकी कुठं होती ती जागा लक्षात ठेवायची, शक्य असेल तर तिथं एक दगड किंवा फांदी ठेवून खूण करायची. जागा फार महत्त्वाची, कारण संध्याकाळी पिल्लं परत तिथंच ठेवायची असतात. डॉक्टर येऊन तपासतात, गोचीड काढतात, पाणी कमी पडलंय का बघतात, ओळखीसाठी कातडीखाली छोटी चिप बसवतात, आणि अंधार पडायच्या सुमारास पिल्लं एका क्रेटमध्ये किंवा खोक्यात त्याच ठिकाणी ठेवून सगळे मागं होतात, फक्त कॅमेरा ट्रॅप, म्हणजे हालचाल झाली की आपोआप टिपणारा कॅमेरा, चालू राहतो. रात्री आई येते, वास घेते, एकेक पिल्लू मानेला धरून उचलून नेते. पहिल्या रात्री नाही आली तर दुसऱ्या रात्री परत ठेवतात. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, वनविभाग आणि वाइल्डलाइफ एसओएस मिळून चालवतात, तिथल्या टीमनं हे काम वर्षानुवर्षं केलंय. वाघाटी आणि रानमांजराची पिल्लंसुद्धा फडात अशीच सापडतात आणि लोक ती बिबट्याची समजतात, वाघाटी म्हणजे जगातल्या सगळ्यात लहान मांजरांपैकी एक, पूर्ण वाढलेली दीडेक किलोची, तिची पिल्लं तर मुठीत मावतात. त्यांनाही असंच परत आईकडे द्यायचं असतं.

व्हॉलंटियर म्हणून तुम्हाला फडावर नेलंच तर तुमचं काम गर्दी आवरणं हे असणार. पिल्लू हातात घ्यायला नाही मिळणार, आणि ते बरोबरच आहे. मी एकदा रात्री साडेआठपासून गाडीत काचा वर करून चार तास बसले होते, गाडीतला लाइट नाही, मोबाईल नाही, आणि सकाळी कॅमेऱ्याचं कार्ड काढल्यावर कळलं की आई पावणेबाराला येऊन दोन्ही पिल्लं घेऊन गेली. आम्हाला काहीच ऐकू आलं नव्हतं. सोबतच्या वनरक्षक दादांनी तो व्हिडिओ फडाच्या मालकाला दाखवला, मालक बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, त्या कोपऱ्यातली तोड चार दिवस पुढं ढकलतो.

जखमी असेल तर खोकं, अंधार, शांतता

खरंच जखमी प्राणी असेल तर पुठ्ठ्याचं खोकं घ्या, भोकं पाडा (प्राणी आत ठेवायच्या आधी पाडा, नंतर नाही), खाली जुना टॉवेल, झाकण बंद. तारेचा पिंजरा नको, पक्षी धडपडून पिसं मोडून घेतो, आणि पिसं मोडली की महिनोन्महिने सुटका नाही. खोक्यात अंधार असला की त्याचं हृदय जरा शांत होतं. मांजरानं तोंड लावलेला पक्षी वरून ठणठणीत दिसला तरी त्याला डॉक्टरकडे न्यायलाच हवं, दाताची जखम दिसत नाही पण इन्फेक्शन पटकन पसरतं.

चोचीत पाणी ओतू नका. हे मी शंभर वेळा सांगितलं तरी कमीच आहे. पक्ष्याच्या जिभेच्या मागेच श्वासनलिकेचं तोंड असतं, आपण मायेनं थेंब सोडतो आणि ते सरळ फुप्फुसात जातं. दूध-पाव, भात, बिस्किट हेही नाही. घार, घुबड, शिक्रा यांच्या चोचीपेक्षा पायाला घाबरा, नख्या आपल्या तळहातातून आरपार जातात, जाड टॉवेल टाकून खांद्यापासून पंख आवळून धरायचे आणि पाय आधी ताब्यात घ्यायचे.

संक्रांतीच्या आधी-नंतर मांजात अडकलेल्या घारी, घुबडं, वटवाघळं येतात, रांगच लागते म्हणा ना. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्येच देशभर बंदी घातलीय, तरी तो मिळतो आणि जानेवारी आमचा सगळ्यात वाईट महिना असतो. पक्षी झाडात लटकलेला असेल तर फायर ब्रिगेडला बोलवा. हाताशी आला की मांजा ओढून काढायचा नाही, तो पंखाच्या पातळ कातडीत रुतलेला असतो, ओढलात की उरलीसुरली कातडी आणि स्नायू फाटतो. दोन्ही बाजूंनी थोडा ठेवून कात्रीनं कापा आणि रुतलेला तुकडा तसाच डॉक्टरकडे जाऊ दे.

वटवाघूळ आणि माकड यांना उघड्या हातानं कधीच नाही. चावलं, ओरबाडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना, उद्या बघू म्हणायचं नाही. साप असेल तर वनविभागाकडून सर्पमित्राला बोलवायचं, तुम्ही फक्त लांबून नजर ठेवा. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे किंवा गोव्यात सत्तरीला मेलेलं माकड दिसलं तर जवळही जाऊ नका, तिथं माकडताप आहे, गोचिडीतून माणसाला होतो, आरोग्य खात्याला कळवा.

फोन कुणाला? महाराष्ट्रात वनविभागाची हेल्पलाइन १९२६. आणि एक कायद्याची गोष्ट जी बऱ्याच जणांना माहीत नसते, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हे प्राणी सरकारी मालमत्ता आहेत, तुमच्या हातात आला तर ४८ तासांच्या आत वनविभाग किंवा पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "बरा होईपर्यंत घरी ठेवतो" हे चालत नाही, पोपटाचं पिल्लू असलं तरी.

मी काय चुकले होते

केंद्रात जायला लागायच्या आधी, बरीच वर्षं झाली, आमच्या सोसायटीत आंब्याचं झाड तोडलं आणि खारीचं एक पिल्लू खाली पडलं. डोळे बंद, अंगावर नुसती लव. मी ते घरी आणलं, उताणं धरलं, ड्रॉपरनं गायीचं दूध पाजलं, इंटरनेटवर असंच बघितलं होतं. त्याच्या नाकातून बुडबुडा आला, मी पुसला आणि परत पाजलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते गेलं. तेव्हा मला वाटलं नशीब नव्हतं त्याचं. पुढे केंद्रात पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांनी पाजायला शिकवताना "नाकातून दूध आलं तर लगेच थांबा, डोकं खाली करा" असं सांगितलं आणि मला ते पिल्लू आठवून तिथंच रडू आलं. ते आईला परत मिळालं असतं कदाचित, झाडाच्या बुंध्याशी उघड्या खोक्यात ऊब देऊन ठेवलं असतं तर खार येऊन घेऊन जाते, मी नंतर कितीदा बघितलंय.

केंद्रात जायचं कसं

पुण्यात बावधनला वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर (टीटीसी), म्हणजे जखमी प्राणी बरे करून परत सोडायचं केंद्र आहे, रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट त्यात काम करतं. नागपूरला सेमिनरी हिल्सवर टीटीसी आहे. डहाणूला समुद्री कासवांचं उपचार केंद्र आहे. तुमच्या जिल्ह्यात वनविभागाच्या ऑफिसात जाऊन विचारलं की इथं प्राण्यांचं काम कोण करतं, तर ते बरोबर पत्ता देतात. एक कसोटी माझी: ज्या संस्थेचं काम वनविभागाच्या परवानगीनं चालतं, जिथं पशुवैद्य आहे आणि जिथं पहिल्या दिवशी तुमच्या हातात पिल्लू देत नाहीत, ती संस्था चांगली. पैसे भरा आणि बिबट्याच्या बछड्याला बाटलीनं दूध पाजा असं कुणी सांगत असेल तर उलट पावली परत या.

जायच्या आधी डॉक्टरांशी बोलून रेबीजची आधीच घ्यायची लस घ्या, साधारण ०, ७ आणि मग २१ किंवा २८ व्या दिवशी अशी असते, सोबत धनुर्वाताचं इंजेक्शन. गरोदर असाल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर आधी सांगा, केंद्रात फोनवर बोलायचं, देणगीचं, गाडीनं ने-आण करायचं कामही तेवढंच लागतं. आणि घरी कुत्रं-मांजर असेल तर केंद्रातले कपडे-चपला वेगळ्या ठेवा, आल्या आल्या आंघोळ.

पहिले दोन-तीन महिने काय करायला मिळेल? टॉवेल धुणं. पिंजऱ्याच्या तळाचे कागद बदलणं. पपई, काकडी, केळी चिरणं. भांडी उकळणं. केसपेपरवर वजन आणि किती खाल्लं ते लिहिणं, फोनवर पत्ता नीट उतरवून घेणं. काही जण दोन शनिवार येतात आणि मग दिसत नाहीत, त्यांना वाटतं आपल्याला कामवाल्यासारखं वागवतात. पण अस्वच्छ पिंजऱ्यानं जेवढी पिल्लं आजारी पडतात ना, तेवढी कशानंच नाही. तो कागद बदलताना विष्ठा पातळ आहे, हिरवी आहे, कालच्यापेक्षा कमी आहे हे तुम्हाला पहिल्यांदा दिसतं, डॉक्टरला नंतर. आठवड्यातून एक ठरलेली शिफ्ट घ्या आणि ती पाळा. "जमेल तेव्हा येईन" वाल्यांवर पिल्लाचं फीडिंग सोडता येत नाही.

पाजायला शिकवतील तेव्हा

खारीच्या पिल्लाचं उदाहरण घेते. आधी वजन, ग्रॅमच्या काट्यावर, रोज सकाळी त्याच वेळी. मग ऊब: गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून खोक्याच्या अर्ध्या भागाखाली, म्हणजे फार गरम झालं तर पिल्लाला दुसरीकडे सरकता येतं. पिल्लू हाताला गार लागत असेल तर दूध नाही म्हणजे नाही, गार पोटात दूध पचत नाही, नुसतं सडतं. मग डॉक्टर सांगतील ते पाणी-क्षार, आणि त्यानंतर कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळतं ते पावडरचं दूध. १ मिलीची सिरिंज, सुई काढून. पिल्लू पोटावर, डोकं किंचित वर, आई पाजते त्याच पोझिशनमध्ये. एका वेळी साधारण वजनाच्या ५ टक्के, म्हणजे २० ग्रॅमच्या पिल्लाला १ मिली, डोळे बंद असताना दर दोन-तीन तासांनी. थेंब ओठाला लावायचा आणि त्याला चोखू द्यायचं, तुम्ही दट्ट्या दाबायचा नाही. मग कोमट पाण्यात भिजवलेला कापूस मागच्या बाजूला हलकेच फिरवायचा, त्याशिवाय बंद डोळ्यांच्या पिल्लाला शी-शू होत नाही, हे आई चाटून करते. दूध पिऊन झालं की पोट भरल्यासारखं दिसतं, आणि ते पुढच्या फीडिंगलाही तसंच टम्म असेल तर पाजू नका, डॉक्टरला हाक मारा.

हे सगळं करताना बोलायचं नाही. "माझं सोनुलं" नाही, नाव ठेवणं नाही, गोंजारणं नाही. सगळ्यात अवघड हेच आहे, मला अजूनही जड जातं. पण माणसाला आपलं समजणारी घार पतंग उडवणाऱ्या पोरांच्या गच्चीवर जाऊन बसते, माणसाळलेलं माकड कुणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरतं आणि मार खातं. म्हणून पिल्लाला त्याच्याच जातीच्या दुसऱ्या पिल्लासोबत ठेवतात, शिकारी पक्ष्यांना भरवताना तोंड झाकतात, पिंजऱ्यावर पडदा असतो. एका पिल्लासाठी शक्यतो एकदोन ठरलेलीच माणसं असतात. आपल्याला बघून पिल्लू पळून कोपऱ्यात लपलं, फिसकारलं, तर मनातल्या मनात खूश व्हायचं.

सोडायचं कधी ते डॉक्टर आणि वनविभाग ठरवतात. घारीचं बघतात की मोठ्या पिंजऱ्यात ती एका टोकापासून दुसऱ्या टोकाला दम न लागता जाते का, दोन्ही पंख सारखे उचलते का, पिसांवरून पाणी ओघळतं का. छापा टाकून सोडवलेले पोपट येतात तेव्हा त्यांची पिसं कात्रीनं कापलेली असतात, आणि कापलेलं पीस वाढत नाही, ते गळून नवीन यावं लागतं, त्याला महिने जातात. खारींना झाडावर टांगलेल्या पिंजऱ्याचं दार उघडून देतात आणि काही दिवस खाणं तिथंच ठेवतात, परत यायची वाट मोकळी राहते.

आणि सगळे वाचत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. दोन्ही पंख गेलेली घार, मणका मोडलेलं उदमांजर, यांना डॉक्टर शांतपणे झोपवतात. तुम्ही तीन आठवडे पाजलेलं पिल्लू एका सकाळी खोक्यात गार सापडतं. त्या दिवशी केसपेपरवर तारीख आणि वेळ लिहावी लागते, आणि पुढचं फीडिंग पाच मिनिटांत असतं. केंद्रातल्या जुन्या माणसांशी बोला अशा वेळी, घरच्यांना ते नीट कळत नाही, त्यांचा दोष नसतो. सोशल मीडियावर प्राण्याचे फोटो, केंद्रातला नेमका पिंजरा, सोडल्याची जागा काहीही टाकू नका, शिकारी आणि पोपट विकणारेसुद्धा वाचतात.

पहिल्या दिवशी पूर्ण बाह्यांचे जुने कपडे घाला, बंद बूट, नखं कापलेली, परफ्यूम लावू नका, कानातलं लोंबतं घालू नका. डबा आणि पाण्याची बाटली घेऊन या, जेवायला कधी मिळेल त्याचा नेम नसतो. आणि घरातले जुने सुती टॉवेल, चादरी धुवून सोबत आणा, दोरे निघालेले नकोत, पिल्लांची नखं त्यात अडकतात. जानेवारीत यायचं जमत असेल तर तेव्हाच या, त्या महिन्यात आम्हाला टॉवेल पुरत नाहीत.